मिनेसोटातल्या अंगणासाठी पानगळीचं झाड: ऑटम ब्लेझ, बर ओक की कॉफीट्री?

प्रश्न
मिनियापोलिसजवळ, झोन ४ (हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून ठरलेला कडक थंडीचा पट्टा). बोरर (खोड पोखरणारी कीड) लागलेलं अ‍ॅशचं झाड पाडल्यामुळे घराच्या नैर्ऋत्येला, भिंतीपासून ८ मीटरवर जागा मोकळी झालीय. माती चिकण, पीएच ७.८, म्हणजे अल्कधर्मी. उन्हाळ्यात दुपारची सावली हवी, हिवाळ्यात खिडकीत ऊनही हवं. नर्सरीवाले ऑटम ब्लेझ मेपल सुचवताहेत. मनात बर ओक आणि केंटकी कॉफीट्री आहेत. काय लावू?

प्रतिसाद १
या मातीत ऑटम ब्लेझ नकोच. तो रेड आणि सिल्व्हर मेपलचा संकर. पीएच इतका चढा असला की मँगनीज, लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खतं घालून तात्पुरता फरक पडतो, माती बदलत नाही.

बर ओक ही माती आणि थंडी दोन्ही सहज पेलतो, पण त्याचा घेर १५ मीटरच्या पुढे जातो. ८ मीटरवर पुढेमागे फांद्या छपरावर येणार.

तुमच्यासाठी कॉफीट्री. पान गुलमोहरासारखं दुहेरी पिसांचं, पण कितीतरी मोठं. पालवी उशिरा फुटते, पानं लवकर गळतात आणि मागे मोजक्याच जाड फांद्या उरतात, म्हणून हिवाळी ऊन अडत नाही. 'एस्प्रेसो' हा नर वाण घ्या. मादी झाडाच्या जाड शेंगा अंगणभर पडतात आणि न भाजलेल्या बिया विषारी असतात.

प्रतिसाद २
कॉफीट्रीला माझंही मत. पण झाड कुठलंही असो, मरतं ते बहुधा खोल लावल्यानं. कुंडीतली वरची माती बोटांनी उकरत जा, खोड जिथे रुंदावून मुळं फुटतात तो भाग दिसेपर्यंत. कधी तो १० सेंमी खाली गाडलेला असतो. तोच भाग जमिनीच्या पातळीवर हवा. गोल फिरलेली मुळं कापून टाका, नाहीतर पुढे तीच खोडाला फास लावतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, खोली मात्र गोळ्याइतकीच. चिकण मातीत फावड्यानं खड्ड्याच्या कडा गुळगुळीत होतात, त्या खरवडा. भरताना तीच माती वापरा.

पाणी खोडाच्या दर २.५ सेंमी जाडीला ४-५ लिटर. पहिले दोन आठवडे रोज, नंतर बारा आठवड्यांपर्यंत दोन-तीन दिवसांआड, पण आधी बोट खुपसून ओल बघा. लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन ७-१० सेंमी, खोडाला न टेकवता.

खणण्याआधी ८११ ला फोन करून गॅस-विजेच्या लाइनी आखून घ्या.

प्रतिसाद ३
नैर्ऋत्येची जागा म्हणजे हिवाळ्यात साल तडकण्याचा धोका. दुपारच्या उन्हानं साल तापते, सूर्य गेला की झटकन गोठते. नोव्हेंबरात खोडाला पांढरं वेष्टण घाला. ससे साल कुरतडू नयेत म्हणून ६ मिमी छिद्रांची जाळी, बर्फाच्या थराहूनही ५० सेंमी उंच, खाली ५ सेंमी मातीत. वेष्टण एप्रिलमध्ये काढाच, आत ओल साचते आणि किडी लपतात.