कॉलेजातलं लेखन विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवावं का?

तासिकावाली

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. यंदा तिसऱ्या वर्षाचे प्रकल्प तपासताना बहुतेक वह्या ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या एकाच वाक्याने उघडल्या. त्यातला एक प्रकल्प रावेर तालुक्यातल्या केळीवर होता आणि लिहिणारा मुलगा केळीवाल्याच्याच घरचा. तोंडी विचारलं तेव्हा कळलं, की त्यांच्या मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या केळीत, सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला होता. कोवळी रोपं उपटून बांधाबाहेर टाकावी लागली, आणि पुन्हा लागवड करायची की नाही यावरून घरात आठवडाभर वाद चालला. यातलं अक्षरही प्रकल्पात नव्हतं. होती ती केळीतल्या जीवनसत्त्वांची यादी.

मी त्याला एम.ए.च्या एका मुलीकडे पाठवलं. तिने वही मिटून ठेवली आणि म्हणाली, “रोपं उपटली त्या दिवशीचं सांग.” तो लेवा बोलीत सांगत गेला. ती मधूनच ‘मग?’, ‘किती?’, ‘कोणी ठरवलं?’ एवढंच विचारत राहिली. पाऊण तासाने म्हणाली, “आता हेच लिही, ह्याच क्रमाने.” दुसऱ्या दिवशी त्याने दोन पानं आणली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या, पण त्या पानांवर त्याचा मळा दिसत होता. तीन वर्षांत त्याने पहिल्यांदा स्वतःचं काही लिहिलं होतं.

त्या मुलीकडे हे उपजत होतं. तिच्याआधी मी तीन हुशार मुलांना याच कामाला बसवलं होतं आणि तिघांनीही समोरच्याच्या हातातला पेन काढून घेतला. वाक्यं यांनी लिहिली, मार्क त्याला मिळाले, आणि पुढच्या असाइनमेंटला तो पुन्हा यांच्याच दारात. म्हणून माझं म्हणणं आहे, की प्रत्येक कॉलेजाने आठ-दहा विद्यार्थी निवडावेत आणि इतरांच्या लेखनाला मदत कशी करायची याचं रीतसर शिक्षण त्यांना द्यावं. त्यात व्याकरणाच्या आधी हात आवरायला शिकवावं. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त मास्तर

मॅडम, तुमची तळमळ पोचली. तरीही माझा विरोध आहे आणि तो स्पष्ट सांगतो.

लेखन शिकवणं हे शिक्षकाचं काम. आधी कायमच्या जागा भरणं थांबलं, म्हणून तासिका तत्त्व आलं. आता तासिकावाल्यांचाही भार पोरांवर टाकायचा? असं एकदा होऊन गेलं आहे. १७९० च्या दशकात मद्रासजवळ एग्मोरला अनाथ मुलांच्या शाळेत डॉ. अँड्र्यू बेल होते. देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि आपल्या शाळेत तसं करायला सांगितलं. शिक्षक तयार होईनात, तेव्हा बेलसाहेबांनी एका लहान मुलालाच शिकवायला उभं केलं. ही रीत पुढे इंग्लंडभर पसरली. एका दालनात एक मास्तर, शेकडो पोरं आणि मधे शिकवणारे मॉनिटर. पसरली ती स्वस्त होती म्हणून. शिकवणं घोकंपट्टीवर आलं, कारण जे पोराला पोराकडून जसंच्या तसं म्हणवून घेता येतं तेवढंच त्यात टिकलं.

लेखन तसं म्हणवून घेता येत नाही. ज्याचं स्वतःचं लेखन अजून कच्चं आहे, तो दुसऱ्याचं काय पक्कं करणार?

झेरॉक्सवाला

मी शिकवणारा नाही. कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मार्च महिन्यात एकाच पेन ड्राइव्हमधला एकच प्रकल्प पहिलं पान बदलून वीस-वीस जण काढून नेतात. दोन वर्षांपासून चॅटजीपीटीचं उतरवलेलं येतं. स्पायरल बाइंडिंग करताना मी वाचतो, सगळ्यांची भाषा एकच. एका पोराला म्हटलं, अरे, तुझ्या गावचं लिही ना. तो म्हणाला, काका, गावचं लिहायचं असतं हे कुणी सांगितलंच नाही, आणि लिहिलं तर दाखवू कुणाला? मास्तर, तुमचं सगळं खरं असेल. पण पोरगं सरांच्या केबिनचं दार वाजवत नाही. माझ्या दुकानात मात्र सिनिअरला बिनधास्त विचारतं.

सातपुड्याची

मी धडगावकडची, घरी पावरी बोलतो. पहिल्या वर्षाला असताना आमच्या होस्टेलवर सिनिअर दादांकडून निबंध तपासून घ्यायची पद्धत होती. माझ्या निबंधात एका वाक्यात शब्दाचं लिंग चुकलं होतं. दादांनी ते वाक्य मेसमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि विचारलं, ही कुठली मराठी? सगळे हसले. त्यानंतर दोन वर्षं मी कुणाला वही दाखवली नाही. परीक्षेत गाईडमधलं पाठ करून लिहिलं.

सर रागावले तर ते तासापुरतं असतं. बरोबरीचा हसला तर तोच संध्याकाळी ताटाशेजारी बसतो. काका म्हणतात की पोरं सिनिअरला बिनधास्त विचारतात. ज्यांना विचारता येतं तीच तुमच्या दुकानात दिसतात. बाकीच्यांचं काय?

तासिकावाली

ताई, तू लिहिलंस ते वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. माझ्या मांडणीत हे राहून गेलं होतं. त्या दादांना मुळात या कामाला बसवायलाच नको होतं, आणि बसवायचंच होतं तर पहिला नियम शिकवायला हवा होता: समोरच्याचं वाक्य त्या टेबलाबाहेर जायचं नाही.

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर एका उदाहरणाने देते. आमच्याकडे ‘डोळा’चं ‘डोया’, ‘काळा’चं ‘काया’, ‘पाणी’चं ‘पानी’ लिहिणारी मुलं आहेत. आम्ही शिक्षक वहीवर वीस लाल गोल करतो आणि मुलगा समजतो, आपल्याला मराठीच येत नाही. खरं तर त्या वीस चुका नसतात. तो घरात ऐकतो तसं लिहितो, आणि दोनच गोष्टी वीस ठिकाणी उमटतात. तीच वाट तीन वर्षांपूर्वी चाललेल्या मुलीला हे एका नजरेत दिसतं. ‘घरी कुठे य म्हणतोस आणि पुस्तकात कुठे ळ दिसतो, त्याची तूच यादी कर’ असं ती सांगू शकते. तिचं स्वतःचं लेखन अजून पिकायचं आहे हे मान्य. पण कुठे ठेच लागते हे तिला माझ्यापेक्षा ताजं आठवतं.

पांझराकाठ

मी धुळ्यात इंग्रजी शिकवतो. बेलसाहेबांच्या जोडीला दुसरा दाखलाही द्यायला हवा. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये खुला प्रवेश सुरू केला. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं अशी हजारो मुलं आत आली, आणि त्यांच्या लेखनापुढे प्राध्यापक हतबल झाले. ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी यांनी तेव्हा विद्यार्थ्यांनाच मदतनीस म्हणून तयार केलं. त्या तयारीची रीत बघण्यासारखी आहे. मदतनिसांना आधी स्वतः निबंध लिहावे लागत आणि ते एकमेकांच्या हवाली करावे लागत. चांगलं-वाईट ठरवणं नंतर. आधी प्रत्येक परिच्छेदाबद्दल दोन गोष्टी लिहायच्या: हा काय म्हणतो आणि हा काय करतो.

मॅडमच्या केळीवाल्याचंच घ्या. ‘मावा ही कीड वाढली की सीएमव्ही पसरतो’ हे परिच्छेदाचं म्हणणं. रोपं का उपटली त्याचं कारण देणं हे त्याचं काम. आता ‘कृषिप्रधान देश’वाल्या परिच्छेदाला विचारा, तू काय करतोस? मुलाला उत्तर सापडत नाही आणि तो स्वतःच त्यावर काट मारतो. मी हे वर्गात करून पाहिलं आहे. शिकवणाऱ्याला मत द्यावंच लागत नाही, आणि मास्तर म्हणतात तो कच्चेपणाचा धोका तिथेच निम्मा होतो.

निवृत्त मास्तर

म्हणणं आणि करणं, ही रीत चांगली आहे. मी नोकरीत असताना माहीत असती तर वापरली असती. मी मुलांना स्वतःचं लेखन मोठ्याने वाचायला लावत असे. अडखळला की तिथे खूण करायची. तेवढ्याने अर्ध्या चुका त्यालाच सापडत.

पण माझा मुद्दा जागेवरच आहे. ब्रफींच्या मदतनिसांची तयारी प्राध्यापक करून घेत होते. तुमच्याकडे ती कोण करून घेणार? तासाला मानधन मिळणारी बाई? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तपासणी येणार म्हणून फलक लागेल, दोन दिवसांची कार्यशाळा होईल, फोटो निघतील, ते अहवालात चिकटतील आणि जूनमध्ये ते टेबल कुणाच्या लक्षातही नसेल. आणि पुढची जागा मागायला गेलात की सांगतील, तुमच्याकडे विद्यार्थी शिकवतात ना? आधी पूर्णवेळ शिक्षक नेमा, मग हे करा. या क्रमात मी तडजोड करणार नाही.

कासोदेकर

मॅडम, तुम्हनं म्हननं बरोबर शे, पन पोऱ्यास्ले पैसा कोन दी? कमवा व शिका योजनेत पोरं बाग झाडतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, त्याचे तासावर पैसे मिळतात. मग दुसऱ्याच्या लेखनाशी तासभर बसणं फुकट का? पैसे नसतील तर तिथे बसतील ती ज्यांना सुटीत मजुरीला जावं लागत नाही तीच, आणि सातपुड्याच्या ताईला हसणारे बरेचसे त्यांच्यातलेच असतात.

तासिकावाली

कासोदेकर भाऊ, हे मी उचलते. कमवा व शिकातूनच पैसे मिळावेत असा अर्ज प्राचार्यांकडे लिहिते आणि त्यात तुमचं कारणही घालते.

मास्तर, जागांच्या लढाईत मी तुमच्यासोबत आहे, ती माझ्याच पोटाची लढाई आहे. पण तुमचा क्रम मला मान्य नाही. जागा भरेपर्यंत थांबले तर आत्ता तिसऱ्या वर्षात असलेली मुलं जीवनसत्त्वांची यादी लिहूनच बाहेर पडतील. तयारी कोण करून घेणार, हा तुमचा प्रश्न मात्र खरा आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेने हे होणार नाही. माझ्या अंदाजाने एक पूर्ण सहामाही लागेल, आठवड्याला दोन तास, आणि त्यातले पहिले दोन महिने मदतनिसांनी फक्त स्वतः लिहायचं आणि एकमेकांसमोर वाचायचं. ज्याला स्वतःचं कच्चं पान दुसऱ्यापुढे ठेवताना धडधडलं नाही, त्याला समोरच्याची धडधड कळणार नाही.

ज्या विद्यापीठाच्या अखत्यारीत आपण शिकवतो त्याला बहिणाबाईंचं नाव आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी त्या ओव्या ऐकून उतरवल्या आणि आईची बोली तशीच राहू दिली. मदतनिसाने कुठे थांबायचं हे मला त्यावरून कळतं.

निवृत्त मास्तर

क्रमाबद्दल आपलं जुळणार नाही. पण ते दोन महिने मी येऊ शकतो. मानधन नको. मात्र माझं नाव प्रशिक्षक म्हणून अहवालात घालू नका, नाहीतर जागा न भरण्याला तेही एक कारण होईल.

सातपुड्याची

मी आता एम.ए.ला आहे. मलाही मदतनीस म्हणून बसायचं आहे, दोन गोष्टी मान्य असतील तर. टेबल मेसजवळ किंवा स्टाफरूमसमोर नको, आत शिरताना कुणी पाहणार नाही अशी खोली द्या. आणि घरी पावरी, भिलोरी, अहिराणी बोलणाऱ्यांतले निम्मे तरी मदतनीस घ्या.

होस्टेलवरचा तो निबंध मी फाडला नव्हता, अजून ट्रंकेत आहे. सरावाच्या पहिल्या दिवशी तोच आणते. वाचून मी दाखवीन, दुसऱ्या कुणी वाचायचा नाही.