मदत हवी आहे: सुदानच्या निर्वासितांसाठी पैसे कुठे द्यावेत?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरचे. आजी वळिवड्याच्या पोलिश छावणीच्या गोष्टी सांगायची. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते ४८ तिथे राहिले होते. कदाचित त्यामुळेच असेल, सुदानच्या बातम्या वाचून गप्प बसवत नाही. १५ एप्रिल २०२३ ला तिथलं सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं आणि सुदानच्या पश्चिमेकडल्या दारफूरमधून लाखो माणसं, त्यात बहुतेक बायका-मुलं, सीमा ओलांडून शेजारच्या चाड देशात आली. आद्रे हे सीमेवरचं छोटंसं गाव, तिथे पाण्यासाठीही रांगा.

आमच्या भिशीतल्या बायकांनी मिळून ४० हजार जमवलेत. कपडे पाठवायचाही विचार होता, पण तिकडे नेण्याचा खर्च कपड्यांच्या किमतीपेक्षा जास्त होईल, म्हणून सोडला. (नऊवारीचं तिथे काय करणार, हाही प्रश्न होताच!)

आता अडचण अशी. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला, म्हणजे यूएनएचसीआरला द्यावेत की डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला? पैसे सुदानसाठीच वापरा असं सांगता येतं का, की ते सगळे एकाच खात्यात जातात? आणि रक्कम एकीच्या खात्यातून गेली तर ८०जी ची (आयकर सवलतीची) पावती कुणाच्या नावाने मिळेल, मुळात मिळेल का?

कुणी स्वतः दिले असतील तर अनुभव सांगा. व्हॉट्सॲपवर फिरणारे क्यूआर कोड कृपया पाठवू नका, ते आधीच ढीगभर आलेत.