लिएज 'बिग बर्था'ने पाडलं की श्रेय फुकटचं?

खंदक: ऑगस्ट 1914 मध्ये जर्मनांनी बेल्जियमच्या लिएजभोवतालचे 12 किल्ले घेतले. श्रेय दरवेळी जर्मन तोफा-कारखाना क्रुपच्या 42 सेंमी तोंडाच्या उखळी तोफेला, म्हणजे बिग बर्थाला जातं. तारखा तरी बघा. बार्शोंचा किल्ला 8 ला पडला, एवन्येचा 11 ला. बर्थाचा पहिला गोळा पोंतिसच्या किल्ल्यावर पडला तो 12 च्या संध्याकाळी! बरंचसं काम 21 सेंमीच्या मोर्टरांचं, नाव मात्र बर्थाचं. आणि या बर्था होत्या किती? दोन.

गोलंदाज: तारखा बरोबर, निष्कर्ष चुकीचा. 21 सेंमीचा गोळा 120 किलोच्या आसपास, बर्थाचा 800 च्या घरात. फ्यूज बुडाशी आणि उशिरा पेटणारा, त्यामुळे गोळा आधी काँक्रीटमध्ये घुसतो आणि मग फुटतो. 15 तारखेला लोंसँ किल्ल्याच्या दारूकोठारात असाच एक शिरला. सुमारे 12 टन दारू उडाली, साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, बेल्जियन सेनापती लेमान बेशुद्ध सापडले. दुसऱ्या दिवशी ओलोन्य आणि फ्लेमाल हे किल्लेही शरण. हे 21 सेंमीने झालं असतं का, सांगा.

चुनागच्ची: दोघंही तोफेकडेच बघताय, भिंतीकडे कोण बघणार? बेल्जियन लष्करी अभियंता ब्रियाल्मोंने 1888 नंतर हे किल्ले बांधले ते 21 सेंमीचा मारा धरूनच, तरी ते 21 सेंमीलाच पडले. काँक्रीटमध्ये सळई नाही. रात्री काम बंद, म्हणून आदल्या दिवशीच्या वाळलेल्या थरावर नवा थर. सांधा तिथेच कच्चा. त्यात हवा खेळती नाही. स्फोटाचा आणि स्वतःच्या तोफांचा धूर आतच कोंडायचा. शौचकूप खंदकापलीकडे, म्हणजे मारा चालू असताना तिथं जायची सोय नाही. छत शाबूत असतानाही शिबंदी हातपाय गाळायची ती यामुळे.

खंदक: हेच म्हणतोय! मजबूत छतापुढे बर्थाचं काय झालं ते फ्रान्समधल्या व्हर्दंला दिसलं. तिथल्या दुओमों किल्ल्यावर दगडी बांधकाम, वर वाळूचा थर, त्यावर काँक्रीट. 1915 मध्ये 42 सेंमीचे गोळे खाऊनही तो उभा राहिला. 1916 मध्ये पडला तो आत शिरलेल्या मूठभर पायदळामुळे, आणि शेजारचा व्हो किल्ला पडला पाण्यावाचून.

गोलंदाज: व्हर्दंचं मान्य, पण ते लिएजला कसं लावता? तोफ बनली होती बेल्जियमच्या किल्ल्यांसाठी. क्रुपचीच आधीची 42 सेंमी तोफ गामा 150 टनांची, रेल्वेशिवाय हलेना. क्रुपने तीच ताकद 42 टनांच्या चाकांच्या गाड्यावर आणली, पाच भागांत सुटी करून ट्रॅक्टरने ओढता येईल अशी. वजन घटवताना पल्ला 14 किलोमीटरवरून 9 वर आला, तेवढी किंमत मोजली.

चुनागच्ची: ओढण्याचंच म्हणाल तर ऑस्ट्रियाची 30.5 सेंमीची स्कोडा तोफ सरस. तीन भाग, तासाभरात माऱ्याला तयार, गोळा 384 किलोचा. बेल्जियमच्याच नामूरच्या किल्ल्यांवर तीही होती. बर्थाचे गोळे पुढे व्हर्दंला नळीतच फुटू लागले आणि तोफा निकामी झाल्या, तेही हिशेबात धरा.