मदत हवी आहे: काकांची जुनी ॲल्युमिनियमची बोट दुरुस्त करावी की भंगारात द्यावी?

नमस्कार मंडळी,

काकांची चौदा फुटी ॲल्युमिनियमची बोट माझ्याकडे आली आहे. आली म्हणजे, काकू म्हणाली, "घेऊन जा, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते." मग मी ट्रेलर लावून आणली. अकरा वर्षं ती झाडाखाली उभी होती. वरची ताडपत्री कधीच फाटलेली, त्यामुळे आत पाचोळा आणि पाचोळ्याखाली काळा चिखल. तो उपसताना आधी घमेली मोजत होतो, नंतर सोडून दिलं.

जे दिसतं ते लिहितो. बोट रिवेटची आहे, वेल्डिंगची नाही. उजव्या अंगाला मुठीएवढे दोन पोचे. रंगाचे पापुद्रे निघतायत. कण्याजवळच्या, म्हणजे तळाच्या मधोमध लांबीने जाणाऱ्या कण्याजवळच्या, काही रिवेटांभोवती काळपट ओघळ आहेत. ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतात ती मागची भिंत, आतून प्लायची आहे आणि तिच्यावर पत्रा मढवलेला आहे. जुनं आउटबोर्ड इंजिन जाम झालंय, पण अजून जागेवर आहे. आतली जमीन काकांनी मध्यंतरी बदलली होती. हिरवट झाक असलेल्या फळ्या आहेत आणि त्या अजून ठणठणीत, एकही कुजलेली नाही. जमिनीखाली फोम भरलेला आहे.

माझे प्रश्न: पोचे निघतात का? रंग कुठला लावावा? ओळखीचा एक वेल्डर म्हणतोय की गळणाऱ्या सगळ्या रिवेटा वेल्डिंग करून कायमच्या बंद करतो. करू द्यावं का? आणि मुळात या बोटीवर मेहनत घ्यावी का? घरात दोन तट पडले आहेत. एका तटात मी एकटाच आहे.

प्रतिसाद १

पोचे विसरा, रंगही विसरा. तुम्ही लग्नाच्या मुलीचे कपडे बघताय, आधी तब्येत बघा.

इंजिन जागेवर आहे हे बरं झालं. त्याचा पाण्यात बुडणारा खालचा भाग दोन्ही हातांनी धरा आणि जोरात वरखाली हलवा. दुसऱ्या कुणाला तरी ट्रान्समवर नजर ठेवायला सांगा. भिंत इंजिनाबरोबर मागेपुढे होत असेल, वरच्या कडेची फट उघडमीट करत असेल, तर आतलं प्लाय गेलं. मग हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं भद्द वाजतं. तरी शंका राहिली तर आतल्या बाजूने, खालच्या कोपऱ्यात बारीक ड्रिल मारा. कोरडा पिवळट भुसा आला तर आनंद. काळा ओला लगदा आला तर प्लाय बदलावं लागणार. घाबरू नका, मेहनत लागते पण ट्रान्समचं प्लाय घरी बदलता येतं. त्यासाठी बोट कुणी टाकून देत नाही.

प्रतिसाद २

त्या वेल्डरला बोटीला हात लावू देऊ नका. रागावू नका, पोळलोय म्हणून सांगतो.

ॲल्युमिनियम वितळतं साधारण ६६० अंशाला. पण त्याच्यावर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तो वितळायला २,००० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे वरची साय हटेपर्यंत खालचं दूध उतू जातं. त्यात पत्रा जेमतेम दोन मिलिमीटरचा, आणि सांध्यांत जुनं सीलंट, तेल, चिखल. ते सगळं जळून वेल्डिंगमध्ये छिद्रं पडतात. आणि एका रिवेटीला दिलेली उष्णता शेजारच्या रिवेटांना ढिलं करते. माझ्या बोटीची एक रिवेट बंद झाली आणि पाण्यात घातल्यावर तिच्या शेजारच्या सहा गळायला लागल्या. वेल्डर वाईट नव्हता, गेट-ग्रिल उत्तम करायचा. हे काम वेगळं आहे.

काळे ओघळ म्हणजे त्या रिवेटा हलतायत. पत्रा रिवेटीवर घासतो, त्याची ती बारीक पूड. अशी रिवेट बहुतेक वेळा पुन्हा घट्ट करता येते. एकाने आतून जड लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा, दुसऱ्याने बाहेरून डोक्यावर ठोकायचं. अगदीच झिजली असेल तर ड्रिलने काढून नवी घाला. फक्त साधी पॉप रिवेट नको, तिच्या मधून आरपार भोक असतं. बंद टोकाची मिळते, ती सीलंटमध्ये बुडवून लावा.

प्रतिसाद ३

सगळे रिवेटांवर बोलतायत. मला त्या हिरवट फळ्यांनी अस्वस्थ केलंय.

ती हिरवी झाक बहुतेक तांब्याची आहे. लाकूड कुजू नये म्हणून त्याला तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया करतात. जमिनीवरच्या कुंपणाला ते उत्तम. पण ॲल्युमिनियमला टेकवून ओलं ठेवलं की तांबं आणि ॲल्युमिनियम मिळून बॅटरी होते आणि त्या बॅटरीत खर्ची पडतं ते ॲल्युमिनियम. फळी टिकते, बोट जाते. तुमच्या फळ्या ठणठणीत आहेत हे तुम्ही आनंदाने लिहिलंय, म्हणून जास्त काळजी वाटली.

एक फळी काढा. खालच्या फासळीवर, म्हणजे तळाला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीवर, पांढरी भुकटी किंवा फोड दिसले तर ते खरवडा आणि बोथट टोच्याने दाबून बघा. वरवरचे खड्डे असतील तर निभावतं. सुटी दोनचार भोकं असतील तरी निभावतं. फासळीच्या रांगेने सलग पत्रा पापडासारखा मोडत असेल तर मात्र सोडून द्या.

तसंच फोम. वरून कोरडा दिसतो, खालून पाणी प्यायलेला असतो. तळाजवळचा दहा सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा ठोकळा कापून वजन करा. कोरडा असेल तर तीस-पस्तीस ग्रॅम भरेल. जे जास्त भरेल ते पाणी.

खरवडायला साधा तारेचा लोखंडी ब्रश वापरू नका, लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात. स्टेनलेसचा घ्या. कॉस्टिकवालं कुठलंही क्लीनर नको, ते ॲल्युमिनियम खातं.

प्रतिसाद ४

वाईटपणा घेतो. माझी सोळा फुटी होती. "फक्त जमीन बदलू" म्हणून सुरुवात केली. जमिनीखाली फोम, फोमखाली तडे, तड्यांमागे ट्रान्सम. दीड वर्ष दर रविवार गेला. बोट छान झाली. नंतर दोनदा पाण्यात गेली, कारण तोवर मुलं मोठी झाली होती आणि त्यांना यायचं नव्हतं. काकांची आठवण म्हणून ठेवायची असेल तर वल्हं ठेवा, भिंतीवर मावतं. वापरायची असेल तरच बोट ठेवा. आणि इंजिनाचा हिशोब वेगळा करा. जाम इंजिनासाठी बोट ठेवू नका, बोटीसाठी जाम इंजिनही नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ४ वाचून दोन दिवस काहीच केलं नाही, खरं सांगतो. मग शनिवारी उघडली.

ट्रान्सम: इंजिन हलवलं तर भिंत सरळ बोटभर मागे आली. ड्रिल मारायची गरजच पडली नाही, स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी चिकटलं होतं.

फोम: ठोकळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ४१० ग्रॅम. हाताने दाबला तर ओट्यावर पाणी. (त्यावरून झालेला संवाद इथे लिहीत नाही.) वरचा थर तसा हलका होता, पण तळाचा सगळा असाच. गोण्या भरभरून काढला. आधी बोट ट्रेलरवरून सरकवायला चौघं लागायचे, आता मी आणि पुतण्या मागची बाजू उचलू शकतो.

फळ्या: प्रतिसाद ३ बरोबर होते. एकेका फळीखाली पांढऱ्या भुकटीचा पट्टा, अगदी फळीच्या रुंदीचा, जणू कुणी पट्टी ठेवून आखलाय. खरवडल्यावर खाली खड्डे निघाले. बहुतेक अर्धा मिलिमीटरच्या आतले, पण दोन ठिकाणी टोचा आरपार गेला. तिसरं भोक वेगळंच निघालं. मागच्या कोपऱ्यात चिखलाखाली तांब्याच्या वायरचा वीतभर तुकडा पडला होता, काकांच्या जुन्या दिव्याचा असावा. तो उचलला तर त्याच्याखाली पत्र्यावर त्याच वळणाची चर पडलेली, आणि जिथे वायरचं सोललेलं टोक होतं तिथे नेमकं भोक. तेवढ्या टोकाने अकरा वर्षं बसून केलेलं काम. मी बराच वेळ ते बघत बसलो होतो.

फासळ्या मात्र कुठेही मोडल्या नाहीत. आता पाणी भरून रिवेटा तपासतो.

प्रतिसाद १

भरताना जपून. तळ चार मीटर बाय १.२ मीटर धरला तर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे ४८० लिटर, अर्धा टन झाला. कण्याखाली आणि फासळ्यांखाली नीट टेकू द्या, ट्रेलरच्या दोन पट्ट्यांवर सगळा भार टाकू नका. थोडंथोडं भरा. बाहेरून जिथे थेंब धरेल तिथे लगेच मार्करने गोल करा, नंतर सगळाच तळ ओला होतो आणि काही कळत नाही.

धागाकर्ता

सतरा रिवेटा. सगळ्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बाकी तळ कोरडा. तडा कुठेही नाही. सगळं उपसून झाल्यावर मागचा एक मीटर तळ सरळ पट्टी लावून पाहिला, बाक आलेला नाही.

करायचं ठरवलंय. पण काकांनी केली होती तशी नाही. लाकडी जमीन पुन्हा घालणार नाही, नुसत्या फासळ्या आणि मधे एक उचलता येणारी जाळी. ट्रान्समला मरीन प्लाय, सगळ्या कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतून इपॉक्सी. फोम फक्त बाकांखाली, तळापासून वर, म्हणजे त्याच्या खालून पाणी वाहून जाईल. आधी वल्ह्यांवर चालवायची, इंजिनाचं पुढे बघू. पोचे तसेच राहतील. त्यातला एक मी आठ वर्षांचा असताना सुकाणू माझ्या हातात होतं तेव्हाचा आहे, आणि काकांनी तो काकूला कधी सांगितला नव्हता.

आता एकच विचारायचंय. त्या तीन भोकांवर तुकडा लावायचा तर आतून की बाहेरून? आणि कुठला पत्रा?

प्रतिसाद ३

बाहेरून लावा, पाण्याचा दाब त्याला पत्र्यावरच दाबून ठेवतो. ५०५२ नंबरचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिळाला तर तोच, जाडी मूळ पत्र्याइतकी. कोपरे गोल कापा, चौकोनी कोपऱ्यापासून पुढे तडा जातो. भोकाच्या चहूबाजूंनी दोन-तीन इंच चांगला पत्रा सापडेपर्यंत तुकडा मोठा ठेवा. मधे पॉलियुरेथेन सीलंट भरपूर, मग रिवेटा. तळाला तांबं असलेला रंग अजिबात नको. दुकानदार "बोटीचाच आहे" म्हणेल, तरी डब्यावरचा मजकूर वाचा.

आणि ती वायर फेकून देऊ नका. पुतण्याला दाखवायला ठेवा.

धागाकर्ता

ठेवली आहे. काडेपेटीत. बोटीपासून लांब.