कोबा, बेड, ढाळ: बाथरूमच्या टाइलखाली नेमकं काय असतं?

सिडकोकर: इंदिरानगर-सिडकोतल्या जुन्या फ्लॅटांची बाथरूमं उकरली की मिस्त्री म्हणतो ‘कोबा’, कोटेशनमध्ये असतो ‘बेड’, आणि टाइल बसवणारा विचारतो ‘लेव्हल झाली का?’ तिन्ही एकच का?

थापी-रंधा: नाहीत, आणि पैशांचा घोळ इथेच होतो. कोबा म्हणजे पूर्वी चुना आणि विटांचा चुरा ठोकून केलेली जमीन. आता स्लॅबवर बसणारा सिमेंट-वाळूचा कायमचा थर तो कोबा. खोलगट स्लॅबमध्ये विटांचे तुकडे रचून केला तर ब्रिकबॅट कोबा. बेड म्हणजे फरशी ज्या ओल्या मालावर बसवतात तो माल. पूर्वी कोबा ओबडधोबड असला तरी चालायचं, ढाळ, म्हणजे पाणी जाळीकडे वाहून जायला दिलेला उतार, बेडमध्ये निघायचा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही, म्हणून टाइल चिकटवायचा तयार माल म्हणजे अ‍ॅडेसिव्ह आलं. त्याचा थर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर, त्यात ढाळ कुठून काढणार? तो कोब्यातच हवा. कोटेशनमध्ये ‘अ‍ॅडेसिव्ह’ आहे पण कोब्याची ओळ नाही, तर समजा की अ‍ॅडेसिव्हचे गोळे ठेवून टाइल उचलली जाणार. खाली पोकळी राहते, भरलेली बादली आपटली की टाइल तडकते.

गोदाकाठ: ‘लेव्हल’ हा शब्द बाथरूमपुरता विसरा. मिस्त्री खरंच लेव्हल करून देतो आणि पाणी कोपऱ्यात तुंबतं. ‘ढाळ काढा’ म्हणावं. हिंदी भाषक कारागीर ‘ढाल’ म्हणतात, तेही चालेल. (‘ढाळ होतात’ म्हटलं तर मात्र डॉक्टर लागेल.)

सिडकोकर: किती ढाळ?

थापी-रंधा: 80 ला 1, म्हणजे 80 इंचांवर 1 इंच. बाथरूम 7 फूट बाय साडेचार, जाळी एका कोपऱ्यात, तर समोरचा कोपरा सव्वाआठ फुटांवर, म्हणजे सव्वा इंच चढ. जाळीपाशी कोबा दीड इंच धरला तर तिकडे पावणेतीन. 1:4 मालाला (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) साधारण सव्वा पोतं सिमेंट, सहा घनफूट वाळू. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) भुकटी जास्त असेल तर कोबा वरून भुसभुशीत होतो आणि त्यावरचं सगळं सुटतं. खिळ्याने ओरखडून बघा.

गोदाकाठ: जाळीखालच्या ज्या ट्रॅपला प्लंबर ‘नाणी ट्रॅप’ म्हणतो तो आपल्या नाहणीचाच. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही हाच शब्द आहे. त्याची उंची कोब्याआधी ठरते, नंतर नाही.

ओळंबा: दोन शब्द राहिले. टाचे: गुळगुळीत जुन्या थरावर छिन्नीने मारलेल्या खाचा. त्या मारून, धुऊन, स्लरी (सिमेंटचं पातळ पाणी) फासली आणि ती ओली असतानाच कोबा टाकला तर तो धरतो. वाळलेली स्लरी उलट नडते. वाटा: जमीन आणि भिंतीच्या सांध्यात 1:3 मालाची दोन इंची गोलाई. गळती बहुधा याच सांध्यातून असते.

सिडकोकर: मग पाणी भरून कधी बघायचं? कोबा झाल्यावर?

ओळंबा: नुसता कोबा पाणी पितोच, त्यातून काही कळत नाही. कोबा सात दिवस ओला ठेवा, वाळू द्या. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा, भिंतीवर किमान फूटभर. पाकिटावर दिलेली वाळण्याची मुदत संपली की जाळीला बोळा मारून 48 तास पाणी ठेवा. भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची खूण करा आणि खालच्या फ्लॅटचं छतही पाहून या.