मदत हवी आहे: जुना कर्नल नंदीबैलासारखी मान डोलावतो, नवा पर्याय चालला की नाही ओळखायचं कसं?

सॉकेटराव

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर नेटवर्क इंटरफेसला पत्ते देणं, रूट (कोणतं पॅकेट कुठून बाहेर जायचं ते) टाकणं, लिंकचा वेग बघणं अशी कामं करणारं सी मधलं एक टूल माझ्याकडे सांभाळायला आहे. बायनरी एकच, पण ती जिथे चालते तिथले कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१० पासून ६.६ आवृत्तीपर्यंत काहीही असतात. जुनी यंत्रं बदलणं माझ्या हातात नाही, तेव्हा ‘कर्नल अपग्रेड करा’ हे उत्तर कृपया नको.

अडचण अशी. पत्ता लावला की कर्नल त्या सबनेटचा रूट आपोआप टाकतो. मला तो नको आहे, कारण रूट टूल स्वतःच्या मेट्रिकने (प्राधान्याच्या आकड्याने) टाकतं. यासाठी नोप्रीफिक्सरूट फ्लॅग आहे. त्याचं मूल्य हेक्स २००, म्हणजे दहावा बिट, आणि पत्त्याच्या नेटलिंक (कर्नलशी बोलायचा सॉकेट) मेसेजच्या हेडरमधलं फ्लॅगचं फील्ड आठच बिटांचं. म्हणून ३.१४ मध्ये आयएफए_फ्लॅग्ज नावाचं ३२ बिटांचं वेगळं अ‍ॅट्रिब्यूट आलं. इथवर सगळं ठीक.

पण मूळ ३.१० ला हे अ‍ॅट्रिब्यूट पाठवलं की तो काही कुरकुर करत नाही. ओळखीचं नाही म्हणून बाजूला टाकतो, पत्ता लावतो, रूटही टाकतो, आणि उत्तरात एरर कोड शून्य! एरर आली असती तर सरळ दुसरा रस्ता धरला असता. हे ‘झालं साहेब’ म्हणणं जास्त महागात पडतंय, कारण दोन रूट बसतात आणि पॅकेट भलत्याच इंटरफेसने बाहेर पडतं.

यूनेमने (कर्नलची माहिती देणाऱ्या हाकेने) आवृत्ती बघून ठरवणं बाद झालंय. एका डिस्ट्रोचा (लिनक्सच्या तयार संचाचा) कर्नल ३.१० म्हणून सांगतो, पण त्यात हे मागाहून आणून बसवलेलं आहे. दुसऱ्या एका बोर्डावर तोच ३.१०, तिथे नाही. कंपाइल करताना इफडेफ (मॅक्रो आहे का बघणारी अट) लावणंही जमत नाही, कारण आयएफए_फ्लॅग्ज हे नाव मॅक्रो नसून इनममध्ये आहे, प्रीप्रोसेसरला ते दिसतच नाही.

मग कर्नलला विचारायचं तरी कसं? आणि लिंकच्या वेगासाठी सध्या ईथटूलचा (नेटवर्क कार्डाच्या सेटिंग्ज बघायच्या सोयीचा) जुना आयऑक्टल, म्हणजे कर्नलला थेट मारायची हाक, वापरतोय, तोही बदलायचा आहे. तिथे काय पद्धत आहे?

बिटमोजणी

इफडेफवर डोकं खपवू नका. ज्या यंत्रावर बिल्ड होतं तिथले हेडर आणि ज्या यंत्रावर बायनरी चालणार तो कर्नल, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आयपीरूट२ (आयपी कमांडचं पॅकेज) वाले करतात तेच करा: कर्नलच्या यूएपीआय (प्रोग्रामांसाठी उघड्या केलेल्या) हेडरची प्रत स्वतःच्या सोर्समध्ये ठेवा, नवी आवृत्ती आली की ती ताजी करा. म्हणजे नावं नेहमी हजर. चालतं की नाही ते रनटाइमलाच ठरवायचं.

आता कर्नलला विचारायचं कसं ते. ज्या कर्नलला आयएफए_फ्लॅग्ज कळतं तो पत्त्यांची यादी देताना प्रत्येक पत्त्यासोबत ते अ‍ॅट्रिब्यूट पाठवतो, फ्लॅग कोणताही असो. म्हणजे काहीही न बदलता टूल सुरू होताना एकदा गेट-अ‍ॅड्रेसचा डंप (पूर्ण यादी) मागवा. लूपबॅकचा (यंत्राच्या स्वतःशीच बोलायच्या इंटरफेसचा) पत्ता बहुधा असतोच. त्याच्या मेसेजमध्ये हे अ‍ॅट्रिब्यूट सापडलं तर कर्नल नवा, नाही सापडलं तर जुना. नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्येही याच धर्तीची तपासणी होती.

मध्यरात्र_शिफ्ट

बिटमोजणींचं बरोबर आहे, पण दोन खड्डे आहेत, त्यातला दुसरा खोल आहे.

पहिला: नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (कंटेनरला मिळणाऱ्या वेगळ्या नेटवर्क कप्प्यात) लूपबॅक डाउन असतो आणि त्याला पत्ता नसतो. डंप रिकामा येतो. रिकामा डंप म्हणजे ‘सोय नाही’ असं धरलंत तर कंटेनरमध्ये नवाकोरा कर्नलही तुम्हाला जुना वाटेल. म्हणून उत्तर तीन प्रकारचं ठेवा: आहे, नाही, अजून माहीत नाही. तिसऱ्या प्रकारात पहिला पत्ता लावून झाल्यावर पुन्हा बघा.

दुसरा: हा फ्लॅग सुरुवातीला फक्त आयपीव्ही६ मध्ये काम करायचा. आयपीव्ही४ मध्ये तो खूप नंतर, २०१८ मध्ये आला. मधल्या काळातल्या कर्नलांवर आयपीव्ही४ चा पत्ता या फ्लॅगसकट लावा आणि परत वाचा. फ्लॅग जसाच्या तसा परत येतो, कारण ३२ बिट साठवायची सोय झालेली होती. रूट मात्र तिथेच! म्हणजे तुमचं तक्रारीचं कारण इथे आणखी वरच्या मजल्यावर गेलं. आधीचा कर्नल निदान फ्लॅग विसरायचा, हा लक्षात ठेवतो आणि वापरत नाही.

त्यामुळे व्ही४ साठी फ्लॅग वाचून काही सिद्ध होत नाही, रूटच बघायला हवा. पत्ता लावल्यावर मेन टेबलचा (रूटच्या मुख्य तक्त्याचा) डंप घ्या. तोच प्रीफिक्स (सबनेटचा भाग), तोच इंटरफेस, स्रोत म्हणून तोच पत्ता आणि प्रोटोकॉल ‘कर्नल’, म्हणजे मूल्य २, असा रूट दिसला तर तो काढा. चारही गोष्टी जुळल्याशिवाय काढू नका, नाहीतर कुणा अ‍ॅडमिनने हाताने टाकलेला रूट उडेल आणि शिव्या तुम्हाला बसतील. रूट येणं आणि जाणं यात क्षणभराची फट राहते, ती पूर्णपणे बुजवता येत नाही. इंटरफेस डाउन असतानाच पत्ता लावून फट टाळावी असंही सुचतं, पण मग तो रूट इंटरफेस अप करताना येतो, तेव्हा तपासणी तिकडे न्यावी लागेल.

सॉकेटराव

@मध्यरात्र_शिफ्ट, दुसरा खड्डा माझ्या ध्यानातच येण्यासारखा नव्हता, फार आभार. एक सुटका मनात आली होती: जुन्या कर्नलवर पत्ता /२४ ऐवजी /३२ (सबनेट नसलेला एकटा पत्ता) लावायचा आणि सबनेटचा रूट स्वतः टाकायचा. फट राहणारच नाही. यात काही वाकडं आहे का?

मध्यरात्र_शिफ्ट

रूटपुरतं चालेल. पण त्या इंटरफेसचा प्रीफिक्स वाचून सबनेट ठरवणारे इतर प्रोग्राम फसतील, आणि ब्रॉडकास्ट पत्त्याचे आपोआप येणारे रूटही मिळणार नाहीत. एकाच यंत्रावर दुसरं कुणी पत्ते वाचत नसेल तरच करा. मी केलं नसतं.

पाचवा_वायर

लिंकच्या वेगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ईथटूलमध्ये तीन पिढ्या आहेत. सर्वात जुनी जीसेट ही कमांड, त्यात सपोर्टेड मोडसाठी ३२ बिट होते आणि वेगांचे प्रकार वाढता वाढता ते संपले. ४.६ मध्ये जीलिंकसेटिंग्ज आला. ५.६ पासून नेटलिंकवरही हेच मिळतं. नव्याकडून जुन्याकडे उतरत जायचं: नेटलिंकचं कुटुंब नावाने शोधा, नाही सापडलं तर जीलिंकसेटिंग्ज, तेही नाही तर जीसेट.

मधल्या पिढीची रचना बघण्यासारखी आहे. मोडच्या बिटमॅपला ३२ बिटांचे किती शब्द लागतात हे टूलने गृहीत धरायचंच नाही. पहिल्या हाकेला शून्य लिहून पाठवायचं. कर्नल त्याच फील्डमध्ये ऋण संख्या भरून परत देतो, म्हणजे ‘मला इतके शब्द लागतात’. तेवढी जागा घेऊन दुसरी हाक मारायची. उद्या आणखी मोड आले तरी आजची बायनरी चालेल. अशी घासाघीस सगळीकडे असती तर हा धागा निघालाच नसता.

एक पथ्य पाळा. ज्या पिढीने वाचलं त्याच पिढीने लिहा. जीलिंकसेटिंग्जने वाचून जुन्या एससेटने (जीसेटच्या लिहिणाऱ्या जोडीदाराने) लिहिलंत तर ३२ च्या पुढचे मोड गळून पडतील. आणि ‘सपोर्ट नाही’ ही एरर कर्नल जुना असल्यामुळेही येते, ड्रायव्हरमध्ये सोय नसल्यामुळेही. वाचताना फरक पडत नाही, खाली उतरा. शेवटच्या पायरीवरही तीच आली तर ‘वेग कळत नाही’ असं दाखवा, शून्य दाखवू नका.

सॉकेटराव

हे लगेच करता येईल. शेवटचा प्रश्न: नव्या कर्नलांवर नेटलिंकची कडक तपासणी आली आहे ना? ती चालू केली तर अनोळखी अ‍ॅट्रिब्यूटला सरळ एरर मिळेल का?

बिटमोजणी

४.२० मध्ये आलेला सॉकेटचा स्ट्रिक्ट-चेक पर्याय वाचण्याच्या विनंत्यांसाठी आहे, पत्ता लावण्याच्या नाही. त्या कमांडला अनोळखी अ‍ॅट्रिब्यूट नजरेआड करायची जुनी सवय आहे, आणि ती बदलली तर वर्षानुवर्षं चालणारी टूलं मोडतील म्हणून कुणी हात लावत नाही. शिवाय तुमचा त्रास ३.१० चा, त्याला हा पर्याय माहीतच नाही.

तरी ४.१२ मधला एक्स्ट-अ‍ॅक (विस्तृत उत्तराचा पर्याय) मात्र चालू करा. नुसत्या ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ऐवजी कोणतं अ‍ॅट्रिब्यूट खटकलं ते सांगतो, बऱ्याचदा वाक्यासकट. जुन्या कर्नलवर सेटसॉकऑप्ट (सॉकेटचा पर्याय लावायची हाक) एरर देईल, ती गिळा आणि पुढे जा. लॉगमध्ये मात्र एक ओळ टाका, नाहीतर सहा महिन्यांनी त्या यंत्रावर तपशील का येत नाही हे शोधत बसाल.