अटॅक ऑन टायटन: एरेनला दुसरा रस्ता होता, की सगळं आधीच ठरलेलं? (शेवटापर्यंतचे स्पॉइलर)

भिंतीबाहेरचा:

ज्यांनी शेवट बघितला नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा, खाली सगळं उघड लिहिलंय.

मावसभावाला दाखवायचं म्हणून ही माणसं खाणाऱ्या राक्षसांची, म्हणजे टायटनांची ॲनिमे पहिल्या सीझनपासून परत बघायला घेतलीये, आणि पहिल्याच एपिसोडला डोक्याचा भुगा. नायक एरेन झाडाखाली झोपलेला असतो, रडत उठतो आणि त्याच्याच घरात राहणाऱ्या मिकासाला विचारतो तुझे केस इतके वाढले कधी. २०१३ ला हे बघताना वाटायचं पोरगा झोपेत बरळतोय. आता शेवट माहितीये, शेवटी तिचे केस आखूड आहेत, म्हणजे हा दहा वर्षांचा पोरगा तिचा शेवटचा निरोप बघून उठलाय आणि समोर लांब केसांची छोटी मिकासा उभी!! अंगावर काटा आला राव. एपिसोडचं नावही दोन हजार वर्षांनंतरच्या कुणाला तरी उद्देशून आहे, आणि पहिली टायटन यिमिर, तिची गोष्ट बरोबर दोन हजार वर्षांपूर्वीची.

जुनी लूप थिअरी आठवतेय ना? एरेन हरतो, परत झाडाखाली उठतो, पुढच्या फेरीत काहीतरी वेगळं करून बघतो. मला ती थिअरी जाम आवडायची कारण तिच्यात आशा होती, कुठल्यातरी फेरीत सगळे वाचतील अशी. पण मग शेवटी कळतं की डायना नावाच्या टायटनला बर्टोल्ट या शत्रूच्या योद्ध्यापासून वळवून स्वतःच्याच घराकडे पाठवलं ते यानेच. स्वतःच्या आईकडे, जी त्यात मेली! तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात फिरतोय, या पोराच्या हातात काही होतं का नव्हतंच? आणि नव्हतं तर त्याच्यावर राग धरायचा की त्याची कीव करायची? तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

झीकचा_बॉल:

लूप नाहीये भावा. लूप असता तर एका फेरीत काहीतरी वेगळं झालेलं दाखवलं असतं, तसं कुठेच नाही. लाइन एकच आहे, फक्त तिचं पुढचं टोक मागच्या टोकाला शिवलेलं आहे.

क्रूगरचा सीन परत बघ, तिसऱ्या सीझनचा दुसरा भाग. भिंतीवर ग्रिशाला, म्हणजे एरेनच्या बापाला, स्वतःकडची अटॅक टायटनची शक्ती सोपवताना तो म्हणतो मिकासाला आणि आर्मिनला वाचवायचं असेल तर काम पूर्ण कर. ग्रिशा विचारतो हे कोण? क्रूगर म्हणतो मलाच माहीत नाही, कुणाच्या आठवणी आहेत कोण जाणे. मिकासा आणि एरेनचा दोस्त आर्मिन, तेव्हा त्या दोघांचा जन्मपण झालेला नाही!! २०१९ ला हा एपिसोड आला तेव्हा लोकांनी तो लूपचा पुरावा म्हणून नाचवला, पण खरं उत्तर ७९ व्या एपिसोडला मिळालं, २०२२ मध्ये. अटॅक टायटन ज्याच्याकडे असतो त्याला पुढच्या वारसांच्या आठवणी दिसतात. बस. तेवढ्यावर सगळं कोडं सुटतं.

आणि तोच एपिसोड नीट बघ. ग्रिशा डॉक्टर माणूस, राइस या राजघराण्याच्या पोरांना मारायला हात उचलत नाही, गुडघ्यावर बसतो. तेव्हा भविष्यातला एरेन त्याच्या कानाशी येऊन त्याला उठवतो. ग्रिशाने त्या घराण्याकडचा फाउंडिंग टायटन (सगळ्या टायटनांवर हुकूम चालवणारी शक्ती) घेतला नसता तर तो एरेनला मिळाला नसता, आणि एरेनला मिळाला नसता तर ग्रिशाला ढकलायला कोणी आलंच नसतं. यात सुरुवात कुठे सांग मला? नाहीच. म्हणून माझं मत, पर्याय नव्हता. राइस घराण्यातल्या राणी हिस्टोरियाच्या हातावर ओठ टेकवले त्या क्षणी त्याला पुढचं सगळं दिसलं आणि तिथून तो पोरगा गप्प झाला तो झालाच. सगळे समुद्रावर पाण्यात खेळतायत आणि हा पलीकडे बोट दाखवून शत्रूंबद्दल बोलतोय. तो चेहरा मोकळ्या माणसाचा नाही.

शिगान्शिना_सातारा:

बॉलराव, घटना कशा जोडल्यात ते तुम्ही एक नंबर सांगितलंत, पण निष्कर्ष मला अजिबात पटत नाही. दिसलं म्हणजे लादलं असं होत नाही. एरेनने ते केलं कारण त्याला ते हवं होतं, आणि लेखक इसायामाने हे लपवलेलंही नाही.

रामझी आठवा. मार्ले या शत्रू देशाच्या गल्लीत त्या पोराला चोरीसाठी मारतायत, एरेनला माहितीये की आपणच उद्या याला चिरडणार आहोत. आधी तो तोंड फिरवतो, याला वाचवायचा आपल्याला काय अधिकार असा विचार करतो, आणि मग जाऊन वाचवतोच. नंतर त्याच पोरासमोर ढसाढसा रडतो, माफी मागतो, आणि त्या पोराला त्याची भाषा कळतच नाही, ते नुसतं बघत राहतं. आणि त्या रडण्यात तो काय कबूल करतो? की भिंतीबाहेर माणसं आहेत हे कळलं तेव्हा मी निराश झालो, आर्मिनच्या पुस्तकातलं रिकामं जग मला हवं होतं. हे नशिबाने त्याच्या तोंडात घातलं का? हे त्याचंच आहे, लहानपणापासूनचं. पुढे रम्बलिंगमध्ये, म्हणजे एरेन भिंतींमधले टायटन जगावर चालवतो तेव्हा, खाली रामझी आणि त्याचा भाऊ मरतायत आणि वर ढगांत एरेन लहान मुलाच्या रूपात हात पसरून स्वातंत्र्य म्हणतोय. मार्च २०२३ चा तो स्पेशल संपल्यावर आमच्या घरात कोणी बोललं नाही बराच वेळ.

आपल्याकडे अर्जुनाला विश्वरूपात दिसतं की समोरचे योद्धे आधीच मेलेत, तू फक्त निमित्त हो. पुष्कळ जण एरेनला त्या जागी बसवतात, मला ते चुकीचं वाटतं. अर्जुनाला सांगणारा दुसरा कोणीतरी होता आणि अर्जुनाला मुळात लढायचंच नव्हतं. एरेनला सांगणारा एरेनच. बापाच्या कानात बोलणाराही तोच. ८० टक्के माणूसजात मारून निमित्त होतो असं म्हणता येत नाही. मला तो अजूनही आवडतो, पोस्टर अजून भिंतीवर आहे, पण राग धरायचा का विचाराल तर हो, धरायचा, आणि कीवही करायची. दोन्ही एकदम.

लाल_मफलर:

सगळे एरेनच्या पर्यायाबद्दल भांडताय, मिकासाचं काय? 😭

मार्लेमधली ती रात्र घ्या. तो तिला विचारतो मी तुझा कोण. ती गडबडते, लाल होते, आणि म्हणते फॅमिली. तितक्यात तो म्हातारा पेयं घेऊन येतो, मग बाकीचे येतात, विषय संपला. कितीतरी जणींचं म्हणणं आहे की तिने तिथे खरं सांगितलं असतं तर रम्बलिंग झालंच नसतं. मला हे सगळं ओझं तिच्या डोक्यावर टाकणं अन्यायाचं वाटतं. ती दुसरी शक्यता आपल्याला दाखवलीये ना शेवटी, डोंगरातली झोपडी, दोघं पळून आलेत. तिथेही त्याचं आयुष्य संपत आलंय, तिथेही तो म्हणतो मी दिलेला मफलर फेकून दे आणि मला विसर. म्हणजे तिथेही सुख नाहीच.

आणि मग ती काय करते? मफलर फेकत नाही. विसरायलाही तयार नाही. त्याच्यावर जीव आहे तसाच ठेवते आणि तरी त्याला मारायला तलवार उचलते. यिमिर दोन हजार वर्षं तिला गुलाम केलेल्या राजाच्या प्रेमात अडकून त्याचं काम करत राहिली, तिला हेच जमलं नव्हतं, प्रेम ठेवून नाही म्हणणं. एरेन स्वतः आर्मिनला सांगतो की मिकासा काय निवडणार हे फक्त यिमिरला माहीत. माझ्या मते या पूर्ण गोष्टीत खरा मोकळा निर्णय एकच आहे आणि तो तिचा आहे. शेवटावर चिडलेल्यांनी एकदा तिच्या बाजूने सगळं परत बघाच.

भिंतीबाहेरचा:

मफलर ताई, मस्तच लिहिलंय, पण मग पहिल्या एपिसोडच्या केसांचं काय? तिचा निर्णय जर एरेनला दिसत नव्हता तर आखूड केसांची मिकासा त्याला दिसली कशी?

लाल_मफलर:

मांगाचा (मूळ कॉमिकचा) पहिला चॅप्टर काढून बघ. तिथे फक्त तिचा चेहरा आहे आणि निरोप. तलवार नाही, रक्त नाही. त्याला निरोप दिसला, तो कशामुळे ते नाही दिसलं. निदान मी तरी असंच वाचते.

झीकचा_बॉल:

हे मात्र जबरदस्त पकडलंस. यावर मला परत विचार करायला लागेल.

ओडिहा_नगरकर:

थोडं वेगळं, पण याच विषयाला धरून. मी मांगा २०२१ ला संपतानाच वाचली होती, आणि शेवटच्या चॅप्टरमध्ये आर्मिन एरेनचे चक्क आभार मानतो ते मला फार लागलं होतं. नोव्हेंबर २०२३ च्या फिनालेमध्ये तो सीन बदललाय आणि खूप चांगला बदललाय. त्या लाल पाण्यात आर्मिनला शंख सापडतो, तो म्हणतो ते पुस्तक तुला मीच दाखवलं, बाहेरच्या जगाची ओढ मीच लावली, म्हणजे यात मीही आहे, आणि नरकात गेलो तर एकत्र जाऊ. आभार नाही, वाटणी. शिगान्शिना म्हणतायत तो राग आणि कीव दोन्ही त्या एका सीनमध्ये आलंय.

आता थिअरी. शेवटच्या खंडात वाढवलेली पानं, जी फिनालेच्या नावांच्या पाटीमागे पण आहेत: युद्धात शहर पडतं, रान वाढतं, एक मुलगा कुत्रा घेऊन त्या प्रचंड झाडाच्या ढोलीपाशी येतो. बहुतेक लोक म्हणतात चक्र परत सुरू, टायटन परत येणार, एवढं सगळं फुकट गेलं. मला तसं वाटत नाही. यिमिर त्या झाडात शिरून टायटन झाली कारण शिकारी कुत्रे तिच्या मागे लागले होते, जीव वाचवायला दुसरी जागाच नव्हती. हा मुलगा स्वतःच्या पायांनी आलाय, कुत्रा त्याचा सोबती आहे, बाण मारणारं मागे कोणी नाही. झाड तेच, येणारा वेगळा. त्याला मागे फिरता येतं, यिमिरला येत नव्हतं. आत काय आहे ते मुद्दाम दाखवलेलं नाही आणि माझ्या मते मूळ प्रश्नाचं इसायामाचं उत्तर तिथेच आहे.

कोणाला ते चित्र वेगळं दिसत असेल तर लिहा, विशेषतः ज्यांनी मांगा आणि ॲनिमे दोन्हीचा शेवट शेजारी ठेवून बघितलाय त्यांनी.